न झालेल्याची नोंद

पिशवी उघडण्याआधी बसायचं.
हे नर्सिंगच्या शाळेत नव्हतं,
घोड्याने शिकवलं मला.
चढण संपली की तो दहा श्वास नुसता उभा राहतो,
मगच गवताला तोंड लावतो.

हा-लेफुमा. लेसोथोच्या डोंगरात एकवीस चुली,
जूनमध्ये बर्फ,
आणि महिन्यातून दोनदा मी.

पहिलं घर न्ताते सेखोन्यानांचं.
सोन्याच्या खाणीत सत्तावीस वर्षं काढली;
सोनं तिथेच राहिलं,
धूळ तेवढी छातीत भरून घरी आणली.
रोजच्या गोळ्या नात देते, मी मोजायला येते.
आल्या आल्या मोजत नाही. बोकडाची चौकशी करते.
घोंगडी खांद्यावर सावरत ते विचारतात,
"जीभ वर करा म्हणतेस, पोलीस आहेस का तू?"
नाही न्ताते, मी हिशेबनीस आहे.
या खोलीत पाच जण झोपतात,
खिडकीला कागद चिकटवलेला.
तुमचा एक खोकला पाचांत वाटला
तर कुणाच्या वाट्याला किती?
ते बराच वेळ खिडकीकडे बघतात.
मग गिळतात, चारही,
आणि नातीला म्हणतात, फाड तो कागद.

वहीत मात्र मार्च महिना एका बाजूला कलला होता.
एका आठवड्यात सहा पोरं, हगवण,
आणि सहाही घरं झऱ्याच्या खालच्या अंगाला.
पाच जणांना मीठ-साखरेच्या पाण्याने धरून ठेवलं.
लेत्लोत्लो राहिला नाही.
चौदा महिने, आठ किलो दोनशे.

त्या रात्री कळलं, आजारी गाव आहे,
त्याची नाडी दगडांखालून वाहते.
पाणी कुठेतरी मुरतंय, असं आपण सहज म्हणून जातो.
इथे ते खरोखर मुरत होतं:
झऱ्याच्या वर, तीस पावलांवर,
गावप्रमुख मामोटेबांगबाईंचा नवा संडास,
निळ्या पत्र्याचा, अख्ख्या खोऱ्यात पहिला.
बांधा, बांधा म्हणून
मीच वर्षभर त्यांच्या मागे लागले होते.

सभेत उभं राहून सांगता आलं असतं.
मी त्यांच्या दारात बसून ज्वारीची पेज प्यायले.
भांडं विसळलं, पाणी चढावर ओतलं,
आणि ते कुठे जातं
ते दोघींनी बघितलं.
एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी पित्सो भरली, गुरांच्या कोंडवाड्यापाशी, सगळं गाव.
बाईंनी काठी आपटली:
"माझ्या संडासाला वास येतो. खाली हलवा."
वास येत नव्हता.
वास येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं.
गुराखी पोरांनी दगड वाहिले, झऱ्याला भिंत घातली.
सेखोन्याना बसल्या जागेवरून सूचना देत होते,
कुणी ऐकत नव्हतं.
वहीत मी कारण लिहिलं: वास.

पुढच्या मार्चचं पान कोरं.
जिल्ह्याच्या साहेबांचा फोन आला,
या महिन्यात काही काम झालं नाही का?
काय सांगणार. रकाने झालेल्यांसाठी असतात.

आज पीचच्या झाडाला काटा टांगलाय.
खाली अकरा पोरं, रडारड,
एक माझं पेन चोखतंय.
यातलं एखादं
आज इथे नसतं.
कोणतं, ते मला माहीत नाही.
त्याच्या आईलाही नाही.
ती आपली रांगेवरून भांडतेय.

मी झोळी पुसते. पुढचं, म्हणते.
पुढे लेत्लोत्लोची आई, नवं बाळ पाठीला बांधून.
ती काट्याकडे बघते, माझ्याकडे नाही.
मी दगडावर सरकून जागा करते.
पिशवी बंदच आहे.